पेल्याची कड

निंगबोला निघताना हिशेबनीस वेनबाईंनी
माझ्या हातात बिल दिलं नाही.
"बिल त्यांच्याकडे आहे. अकरा महिने झाले.
तू फक्त जेवून ये."

मग कारखान्याच्या मोरीवरचे दोन पेले धुतले,
नळाचं पाणी भरलं आणि शिकवलं:
थोरामोठ्यांच्या पेल्याला पेला भिडवताना
आपली कड त्यांच्या कडेच्या खाली.
बोटभर. जास्त नको, नाटक वाटतं.
कार्ड दोन्ही हातांनी घ्यायचं आणि वाचायचं,
वाचल्यासारखं करायचं नाही, वाचायचं.
पर्समध्ये कोंबायचं नाही,
ताटलीशेजारी ठेवायचं,
तो माणूसच तिथं जरा टेकलाय असं समजून.
आणि पैशाचा विषय?
"तो काढायचा नसतो, पोरी. तो निघतो.
माशाच्या आधी नाही निघाला
तर माशानंतर निघतो."

माझं वय सव्वीस. मी बटणं विकते.
चार भोकांची, दोन भोकांची,
शिंपल्यासारखी दिसणारी, शिंपल्याची नसलेली.
दिवसाला दोनशे जणांशी फोनवर टाइप करते,
हसऱ्या चेहऱ्यांची चित्रं पाठवते.
त्यांतल्या कुणाला मी रस्त्यात ओळखणार नाही.

गोल टेबल. दाराकडे तोंड करून मालक छिउ,
त्यांच्या उजवीकडची खुर्ची मला.
मी नको म्हटलं. ते बसा म्हणाले.
मी नको म्हटलं. ते बसा म्हणाले.
तिसऱ्यांदा बसले. एवढं मलाही येतं.
सगळे मला मॅनेजर मियाओ म्हणत होते.
मी मॅनेजर नाही.
त्यांनाही ते ठाऊक होतं.

मासा आला, फिरत्या काचेवरून
तोंड माझ्याकडे करून थांबला.
म्हणजे पहिला घोट माझा.
घसा जळला. सगळे खूश झाले.
वरची बाजू संपली तरी मासा कुणी उलटला नाही.
दर्याकाठी मासा उलटत नाहीत, नाव उलटते म्हणतात.
अलगद काटा उचलला
आणि त्याखालचं खात राहिलो.
कापसाचे भाव, कुणाच्या मुलीची परीक्षा, हवा.

मग मालक छिउ उठले.
चौसष्ट वर्षांचे. पेला दोन्ही हातांत.
मी माझी कड खाली नेली, बोटभर.
त्यांनी त्यांची माझ्याखाली नेली.
मी आणखी खाली. तेही.
बाकीचे हसत होते, असं हसायची रीतच असते.
माझ्या पेल्याचा तळ काचेला टेकला.
आता जिंकायला काही उरलं नव्हतं.

आणि ते वाकले.
त्यांचा पेला टेबलाच्या कडेखाली गेला.
बाहीवर आमचंच बटण होतं,
चार भोकांचं, दोनच भोकांतून शिवलेलं,
घरच्या कुणीतरी, वेगळ्या दोऱ्याने.
एवढा मान मला कुणी कधी दिला नाही.
एवढा मान कुणी
उगाच देत नाही.

मी पेला रिकामा केला.
म्हटलं, तुमच्याकडचा मासा फार गोड.

परतीच्या गाडीत त्यांचा मेसेज आला:
साधंच जेवण होतं, सांभाळून घ्या. पोचल्यावर कळवा.
मी उत्तर लिहिलं. खोडलं.
हसरा चेहरा शोधला, तोही खोडला.
शेवटी लिहिलं, पोचले.
अजून दोन स्टेशनं बाकी होती.

वेनबाईंनी किती मिळाले विचारलं नाही.
विचारलं, "पेला?"
मी हात टेबलाखाली नेऊन दाखवला.
त्या बराच वेळ माझ्या हाताकडे बघत राहिल्या.
मग वही उघडली, त्यांच्या नावापुढे
काहीतरी लिहिलं, पेन्सिलीने,
आणि वही मिटता मिटता म्हणाल्या,
शरदातल्या सणाला त्यांना मूनकेकचा डबा पाठव.
फार भारी नको.
त्यांना परतफेड करावी लागेल.